झुल्यावरचे कसब

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लिलियन लाइट्झेलची वेळ आली की बाकीची सर्कस थांबायची. रिंगलिंग सर्कशीत एरवी तीन रिंगणांत एकाच वेळी तीन खेळ चालत. तिच्या वेळी मात्र दिवे फक्त तिच्यावर असत. उंची जेमतेम पावणेपाच फूट. वर गेल्यावर ती एक मनगट दोराच्या फासात अडकवायची आणि सगळे शरीर खांद्यावरून गरकन वर फेकून पलीकडे उतरवायची, पुन्हा फेकायची, पुन्हा उतरवायची. प्रत्येक फेरीला खांद्याचा सांधा क्षणभर खोबणीतून सरके आणि परत जागेवर बसे. खाली ढोल वाजत असे आणि प्रेक्षक मोठ्याने मोजत. एका प्रयोगात शंभरच्या आसपास फेऱ्या सहज होत. एकदा तिने २४९ घेतल्याची नोंद आहे. मनगटावर दोर घासून पडलेली जखम भरायला तिला कधी सवडच मिळाली नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळ असे.

१३ फेब्रुवारी १९३१ रोजी कोपनहेगनच्या व्हॅलेन्सिया रंगगृहात तिच्या कडीचा धातूचा फिरता जोड तुटला. ती खाली कोसळली आणि दोन दिवसांनी गेली. वय ३९.

लाइट्झेलबद्दल लिहिणारे बहुतेक लोक तिच्या धाडसाबद्दल लिहितात. मृत्यूशी खेळणारी, भीती न जाणणारी, वगैरे. पण त्या रात्री तिचे धाडस कुठे कमी पडले होते? खांदा नीट फिरत होता, पकड घट्ट होती, मोजमाप अचूक होते. वर्षानुवर्षे एकाच जागी ताण खाऊन थकला तो धातू. लोहार, कारागीर, तपासनीस यांच्यापैकी कुणीतरी तो जोड वेळेवर बदलायला हवा होता. तिच्या मरणाला शौर्याची किनार लावली की हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

सर्कशीतल्या जुन्या स्त्री कलावंतांचा गौरव आजकाल पुष्कळ होतो. जुनी छायाचित्रे, रंगीत जाहिराती पुन्हा छापल्या जातात आणि त्याखाली त्यांच्या निर्भयतेचे कौतुक असते. हा गौरव व्हावा असे मलाही मनापासून वाटते. पण तो ज्या पायावर उभा आहे तो पाया मला चुकीचा वाटतो. या बायका धाडसी होत्या हे खरेच. विहिरीत उडी टाकून मूल वाचवणारी बाईही धाडसी असते. ती मात्र एकदाच उडी टाकते. सर्कशीतली बाई तीच गोष्ट दिवसातून दोनदा, वर्षातले दोनअडीचशे दिवस, तापात आणि पाळीतही, इंचाच्या फरकाने नेमकी करत असे. त्यासाठी धाडस लागते तेवढेच लागते; बाकी सगळे शिकलेले, घोटलेले, अंगात मुरवलेले ज्ञान असते. धाडसाची स्तुती या ज्ञानावर पडदा टाकते. आणि तो पडदा बऱ्याचदा मालकाच्या सोयीचा असतो.

इंग्लंडमधली दोन उदाहरणे बघा.

१८५९ मध्ये ब्लाँदँने नायगारा दोरावरून ओलांडला आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये 'स्त्री-ब्लाँदँ' म्हणवणाऱ्या बायकांची रांग लागली. त्यांपैकी एक सेलिना पॉवेल, जाहिरातीतले नाव मादाम जेनेव्हिव्ह. २० जुलै १८६३ रोजी बर्मिंगहॅमच्या अॅस्टन पार्कमध्ये जत्रेच्या गर्दीपुढे ती दोरावर चालत होती. ती गरोदर होती, आणि दिवस भरत आले होते. दोर तुटला. ती जागीच मेली. नंतर कळले की दोर कुजलेला होता. जत्रा त्या संध्याकाळी तशीच चालू राहिली. राणी व्हिक्टोरियाने शहराच्या महापौरांना पत्र पाठवून तीव्र नाराजी कळवली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पण गदारोळाचा रोख होता तो बाईने असले खेळ करावेत का आणि लोकांनी ते बघावेत का, यावर. दोर कुणी तपासायचा, नवा कुणी घ्यायचा, खाली जाळी का नव्हती, या प्रश्नांना कुणी फार वेळ दिला नाही. जिवंत असेपर्यंत तिच्या धाडसाची तिकिटे विकली गेली आणि मेल्यावर त्याच धाडसाला निर्लज्जपणा ठरवले गेले. तिच्या पायांना दोर कसा कळत होता हे ना आधी कुणी विचारले ना नंतर.

दुसरे उदाहरण झॅझेलचे. २ एप्रिल १८७७ रोजी लंडनच्या रॉयल अॅक्वेरियममध्ये रोझा रिक्टर नावाची कोवळ्या वयाची मुलगी 'झॅझेल' या नावाने तोफेतून उडाली आणि जाळ्यात जाऊन पडली. माणूस तोफेतून उडवण्याचा हा पहिला गाजलेला खेळ. यामागे फारिनी नावाचा खेळ्या होता, मूळचा विल्यम हंट. तोफेत दारूचा काही संबंध नव्हता. आत ताणलेल्या स्प्रिंगा होत्या, मुलगी त्यांच्या जोरावर फेकली जाई. धडाका आणि धूर निराळे उडवले जात, प्रेक्षकांना तोफ वाटावी म्हणून. या धुराचा विचार मी अनेकदा करते. त्या खेळात जे खरोखर कठीण होते, म्हणजे स्प्रिंग सुटताना कंबर आणि मान ताठ ठेवणे, हवेत अंग वळवणे, पाठीवर बरोबर पडणे, ते सगळे धुरामागे होते. प्रेक्षकांना दिसायची ती दारूच्या तोंडी दिलेली मुलगी. तिच्या कौशल्याचे तिकीट लागत नव्हते, तिच्या जिवाच्या धोक्याचे लागत होते. पुढे १८७९ मध्ये ब्रिटिश संसदेने चौदा वर्षांखालच्या मुलांना धोक्याचे खेळ करायला बंदी केली, त्याला अशा खेळांवर उठलेली ओरड कारणीभूत होती. कायदा हवाच होता. रोझा रिक्टर मात्र खेळत राहिली, आणि पुढे पाठीला गंभीर दुखापत होऊन तिचे काम संपले.

मग या बायकांचे काम होते तरी काय? धाडस बाजूला ठेवून ते नीट बघितले तर त्याची खोली कळते.

सर्कशीचे रिंगण ४२ फूट व्यासाचे असते. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप अॅस्टलीने अनुभवाने हे माप ठरवले आणि जगभर ते टिकले. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडत असला की पाठीवर उभा असलेला माणूस किंचित आत झुकतो आणि त्या झुकण्यातच त्याचा तोल सापडतो. घोड्याच्या उघड्या पाठीवर राळ चोळतात, पाय घसरू नये म्हणून. आता या दौडत्या पाठीवर कोलांटी मारायची. उडी घेतलेले शरीर सरळ रेषेत पुढे जाऊ पाहते, घोडा मात्र तेवढ्या वेळात वळलेला असतो. म्हणजे घोडा जिथे आहे तिथून उडून तो जिथे असेल तिथे उतरायचे, तेही वळण धरून. मागे कोलांटी घेताना उतरण्याआधी घोड्याची पाठ क्षणभर तरी नजरेला येते. पुढे कोलांटी घेताना ती येतच नाही. पाय आंधळेपणाने ठेवायचे असतात. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग इथे १८९४ मध्ये जन्मलेली मे वर्थ ही पुढची कोलांटी मारायची. १९१२ मध्ये ती अमेरिकेतल्या बार्नम अँड बेली सर्कशीत आली तेव्हा अजून विशीलाही पोचली नव्हती. पायांना टोपल्या बांधून ती जमिनीवरून दौडत्या घोड्याच्या पाठीवर उडी घेई. मे वर्थच्या डोक्यावर नेहमी एक मोठा फितीचा फुलोरा असायचा आणि जाहिरातीत तोच दिसतो. त्या फुलोऱ्याखाली वेग, कोन आणि लय यांचा जो हिशेब चालू असे, तो कुठल्याही गणिताच्या शिक्षकाने कौतुकाने बघावा असा होता.

झुल्याचा इतिहास तर आणखी बोलका आहे. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये लेओतारने एका झुल्यावरून दुसऱ्यावर उडी घेतली. त्यानंतर सगळ्यांना ओढ लागली ती हवेत तीन कोलांट्या घेऊन समोरच्या झेलणाऱ्याच्या हातात जायची. या तिहेरी कोलांटीने कितीतरी माना मोडल्या. आज हे नाव घेतले की अल्फ्रेडो कोडोना आठवतो, विसाव्या शतकाच्या विशीतला झुल्याचा राजा. लाइट्झेलचा नवराही तोच. पण झेलणाऱ्याच्या हातात पोचलेली पहिली तिहेरी कोलांटी त्याच्या कितीतरी आधी, १८९७ मध्ये, ऑस्ट्रेलियात सिडनीला नोंदली गेली आणि ती मारणारी होती लेना जॉर्डन, लॅटव्हियातून आलेली एक लहानगी मुलगी. तिचे नाव विक्रमांच्या याद्यांत आहे, पण तिचे चरित्र नाही, तिच्यावर चित्रपट नाही, तिच्या नावाची दंतकथा नाही. का नाही? मला वाटते, कारण लहान मुलीच्या खेळाकडे बघणाऱ्यांनी ती 'किती धीट आहे' एवढेच पाहिले. पुरुषाने तीच गोष्ट केली तेव्हा मात्र लोकांनी शोध पाहिला, तंत्र पाहिले, त्याला राजा म्हटले. अँटोनेट कॉन्सेलोने १९३७ पासून तिहेरी कोलांटी नियमित घेतली आणि पुढे ती कित्येक वर्षे रिंगलिंग सर्कशीत हवेतल्या खेळांची प्रमुख होती, पोरींच्या पिढ्या तिने शिकवल्या. खरे तर गौरव व्हायचा तर तो तिच्यातल्या शिक्षिकेचा व्हायला हवा. तिच्या हाताखाली किती जणी तयार झाल्या आणि त्यांना तिने काय शिकवले, हा इतिहास कोलांट्यांच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

पॅरिसच्या मोंमार्त्रमधल्या सर्क फेर्नांदोमध्ये १८७९ च्या जानेवारीत चित्रकार देगा पुन्हा पुन्हा जात होता. छताजवळ दोराला दातांनी धरून लटकलेली एक कृष्णवर्णीय तरुणी त्याला रंगवायची होती. चित्र झाले, 'मिस ला ला सर्क फेर्नांदोमध्ये' हे त्याचे नाव. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या चित्रातल्या घुमटाच्या तिरक्या तुळयांबद्दल, त्यांचा कोन साधताना देगाला झालेल्या त्रासाबद्दल कलासमीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली. त्या तुळयांखाली लटकलेल्या बाईचे खरे नाव ओल्गा ब्राऊन. ती १८५८ मध्ये श्टेटिन इथे जन्मली. दातांच्या बळावर ती माणसांना उचलून धरायची, साखळीला बांधलेली तोफही. २०२४ मध्ये नॅशनल गॅलरीने तिच्यावर प्रदर्शन भरवले तेव्हा कुठे चित्रकाराच्या बरोबरीने तिचे आयुष्य लोकांसमोर आले. दीडशे वर्षांनी का होईना, एका संस्थेने हे केले याचा मला आनंद आहे. जबडा, मान आणि पाठ यांचे जे बळ चित्रकाराला छतापेक्षा कठीण वाटायला हवे होते, त्याबद्दल बोलायला एवढा वेळ लागला.

आता आपल्याकडे येऊ.

सर्कशीचा भारतातला इतिहास मराठी माणसाला अभिमानाने सांगितला जातो. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणे शिकायला गेले आणि तिथे घोडे शिकवण्यातही मुरले. संस्थानी चाबुकस्वार म्हणून नाव झाले. किआरिनीची परदेशी सर्कस हिंदुस्थानात आली, तिचे आव्हान विष्णुपंतांनी स्वीकारले आणि १८८० च्या सुमारास 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली, ही गोष्ट शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही सापडते. विष्णुपंतांच्या पत्नी झुल्यावर काम करत आणि जनावरे हाताळत. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा विष्णुपंत सुरू होतात.

त्याच १८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आले. त्यात शकुंतला पुरुष होती, आणि पुढची कित्येक वर्षे मराठी रंगभूमीवर बायका म्हणजे लुगडे नेसलेले पुरुषच होते. कलावंतिणींच्या स्त्री-मंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित नाटक मंडळीत बाईला जागा नव्हती. म्हणजे ज्या काळात बाईने व्यासपीठावर 'मी दुष्यंतावर प्रेम करते' असे म्हणणे चालत नव्हते, त्याच काळात तंबूत बाईने हजार लोकांपुढे झुल्यावर उलटे लोंबकळणे चालत होते. हे कसे? माझे उत्तर असे आहे की सर्कशीतली बाई मुकी असते. तिला संवाद नाहीत, तिच्या तोंडी इच्छा नाही, राग नाही, प्रेम नाही. ती बोलली असती तर ती व्यक्ती झाली असती. शरीराने कितीही मोठा पराक्रम केला तरी तो 'खेळ' राहतो आणि खेळ करणारी कोण होती हे विसरायला समाज मोकळा राहतो. रंगभूमीने बाईला बाहेर ठेवून तिचे नाव पुसले, सर्कशीने तिला आत घेऊन पुसले.

छत्र्यांच्या तंबूत आणखी एक कलावंत राहत होता, हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ. भूगंधर्व म्हणून ज्याचे नाव झाले, तो मनस्वी गवई. विष्णुपंतांनी त्याला सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले, त्याचे गाणे लोकांना ऐकवले. हे विष्णुपंतांचे फार मोठे काम आहे आणि मराठी संगीतप्रेमींनी ते कृतज्ञतेने जपले आहे. रहिमतखाँ कुणाकडे शिकला, त्याच्या गळ्यात ग्वाल्हेरची कोणती वळणे होती, कुणी कुणी त्याचे गाणे उचलले, हे सगळे आपण सांगू शकतो. गाण्याला घराणे आहे, तालीम आहे, गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरायची रीत आहे. कुस्तीलाही ते आहे: वस्ताद आहे, डावांना नावे आहेत, कुणाचा पठ्ठा कोण हे गावच्या म्हाताऱ्यांना पाठ असते. एकाच तंबूखाली मग गवयाची तान आणि झुल्यावरच्या बाईची उडी असूनही एकीची परंपरा लिहिली गेली आणि दुसरीची नाही. झुल्यावर कुणी कुणाला शिकवले, हात सोडायचा क्षण कोणत्या बाईने कोणत्या मुलीच्या अंगात बसवला, याला घराणे म्हणायचे आपल्या मनातही आले नाही. ते ज्ञान आहे हेच आपण मान्य केले नाही. आपण त्याला हिंमत म्हटले आणि हिंमतीला गुरू लागत नाही.

बंगालमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रंगात घडली. प्रियनाथ बोस यांनी १८८७ मध्ये 'ग्रेट बेंगॉल सर्कस' काढली. बंगाली माणूस दुबळा आहे या इंग्रजी हिणवणीला आखाड्यांनी आणि सर्कशीने उत्तर द्यायचे, असा तो काळ. या सर्कशीत सुशीला सुंदरी नावाची तरुणी वाघांच्या पिंजऱ्यात हातात काही न घेता जायची. वाघाबरोबर खेळ करणारी पहिली भारतीय बाई म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिची हिंमत ही राष्ट्राची हिंमत ठरली. एका वाघाने तिला ओरबाडले आणि तिचे सर्कशीतले आयुष्य संपले. १९२४ मध्ये ती गेली. आता वाघाबरोबर काम करणे म्हणजे काय, याचा विचार करा. त्याच्या शेपटीचे टोक, कानाचा कोन, पापणीची हालचाल रोज वाचायची. त्याचे पोट कधी भरलेले असते, तो कधी चिडतो, कोणत्या बाजूने जवळ गेलेले त्याला आवडत नाही, हे ओळखायचे. हे निरीक्षण वर्षांचे असते. सुशीलेच्या बाबतीत हे सगळे राष्ट्रप्रेमाच्या खाती जमा झाले. आजच्या कायद्याने सर्कशीतले वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांचे खेळ बंद केले आहेत आणि ते योग्यच आहे. वाघाचे हाल बाईच्या कौशल्याने झाकले जाऊ नयेत. पण ज्या बाईने वाघ वाचला तिला प्राणिशास्त्राच्या इतिहासात एक ओळ मिळायला त्यामुळे अडचण येत नाही.

मुंबईतही हे दिसते. मेरी एव्हान्स १९३० मध्ये झारको सर्कशीत काम करत होती आणि १९३५ मध्ये वाडिया बंधूंच्या 'हंटरवाली'त पडद्यावर आली. लोक तिला नादिया म्हणून ओळखत, आणि जाहिरातीत त्याच्या अलीकडे नेहमी 'फिअरलेस' असे. लहानपणापासूनची घोडेस्वारी, नाचाची तालीम, सर्कशीतला अंगाचा सराव हे सगळे त्या एका विशेषणाखाली गाडले गेले. स्वतःचे साहसी प्रसंग ती स्वतः करत असे, आणि तिच्या हाडांना ते जमले ते त्या तालमीमुळे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. ज्या बायकांचा गौरव करायचा, त्यांतल्या बहुतेक जणी सर्कशीत स्वतःच्या मर्जीने आल्या होत्या का? केरळातल्या तलश्शेरीत कीलेरी कुंञिकण्णन यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळा काढली. त्याआधी छत्र्यांची सर्कस तिथे जाऊन आली होती आणि दोघांचे संबंध जुळले होते, म्हणजे त्या शाळेच्या मागेही एक मराठी धागा आहे. त्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या कलावंत देशभरच्या सर्कशींत गेले. पण पुढे गरीब घरांतल्या लहान मुली दलालांमार्फत, करारावर, आईबापांना थोडे पैसे देऊन तंबूत आणल्या जाऊ लागल्या. काही मुलींवर काय काय अत्याचार झाले ते न्यायालयात नोंदले गेले. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी केली. त्या निर्णयाने सर्कस मेली असे काही मालक म्हणतात. मला ते म्हणणे मान्य नाही. ज्या धंद्याला जगण्यासाठी सात वर्षांची मुलगी विकत घ्यावी लागते, त्याने दुसरा मार्ग शोधायला हवा होता.

पण या आक्षेपाचे उत्तर गौरव थांबवणे हे नाही. उलट आक्षेपामुळे गौरवाची पद्धत बदलली पाहिजे. धाडसाची स्तुती शोषणाला सोयीची पडते. शूर मुलीला पगार विचारायचा नसतो, शूर मुलीचा विमा काढायचा नसतो, ती पडली तर तिने नियतीशी झुंज दिली. तिला कामगार म्हटले की लगेच प्रश्न उभे राहतात: कराराची मुदत किती, जखमेचा खर्च कोणी दिला, चाळिशीनंतर ती काय करते, तिची सही कुठे आहे. कसबाची स्तुती करायची तर कसबाची किंमतही मान्य करावी लागते.

आणि त्या बायकांना हे कळत नव्हते असे समजू नये. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्नम अँड बेली सर्कशीतल्या बायकांनी मताधिकाराच्या मागणीसाठी स्वतःची सभा स्थापन केली. घोड्यावरच्या कसरतींची जोसी डेमॉट रॉबिन्सन तिच्या पुढाऱ्यांत होती आणि पुरुषांना हातांवर तोलणारी केटी सँडविना उपाध्यक्ष. पुरुषाच्या बरोबरीने राबतो, कमावतो, घर चालवतो, मग मत का नाही, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. याच सुमारास जिराफाच्या एका पिलाचे नाव 'मिस सफ्रेज' ठेवले गेले आणि वर्तमानपत्रांनी मजा म्हणून ती बातमी उचलली. मताधिकाराच्या चळवळीतल्या प्रतिष्ठित बायकाही जरा बिचकल्या, हा जाहिरातीचा प्रकार तर नाही ना म्हणून. सर्कशीतल्या बाईने तोंड उघडले तेव्हा तिच्या म्हणण्यापेक्षा जिराफ लोकांच्या लक्षात राहिला, याचे मला वाईट वाटते. पण ती सभा झाली होती आणि त्यातला युक्तिवाद आजही पक्का आहे.

एवढे झाल्यावर मला तंबूच्या बाहेर जायचे आहे, कारण आपल्याकडे दोरावर चालणारी पहिली बाई सर्कशीत नव्हती. ती रस्त्यावर होती. डोंबारी आणि कोल्हाटी बायका-मुली पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या कैच्यांवर ताणलेल्या दोरावर चालत आल्या आहेत. गावच्या चौकात ढोल वाजतो, हातात आडवी काठी असते, डोक्यावर तांब्या-लोट्यांची उतरंड असते. मग पायाखाली थाळी ठेवून तीच मुलगी दोरावरून घसरत पुढे जाते. १८७६ च्या जुलैत मारिया स्पेलटेरिनीने नायगाराची दरी दोरावरून ओलांडली. ते करणारी ती एकमेव बाई. एका फेरीत तिने पायांना टोपल्या बांधल्या होत्या आणि त्या टोपल्यांचे छायाचित्र जगभर गेले. टोपलीने किंवा थाळीने होते ते एकच: तळव्याला दोर लागणे बंद होते. चालणाऱ्याला तोलाची खबर तळव्याकडून मिळते. ती तोडली की कंबर आणि काठी यांच्यावरच सगळे सोपवावे लागते. नायगारावरच्या टोपल्या आणि गावच्या चौकातली थाळी या एकाच कोटीतल्या कसरती आहेत. एकीला इतिहासात जागा मिळाली आणि दुसरीच्या पुढे लोकांनी चार आणे टाकले.

चार आणे टाकले हे एक वेळ चालले असते. मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा १९५९ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो अजून आहे. भीक म्हणजे काय हे सांगताना त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणेही धरले आहे. म्हणजे दोरावर चालून पैसे गोळा करणारी बाई कायद्याच्या नजरेत कलावंत नाही, कामगारही नाही. ती भिकारी आहे आणि तिला पकडता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली बहुतेक शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे, जिथे हा कायदा जन्मला, तिथे तो तसाच आहे. परदेशातल्या सर्कशीतल्या बायकांचे कौतुक करणाऱ्या मराठी वाचकाने या कलमाबद्दल बोलायला हवे असे मला वाटते, कारण ते आपल्या हातात आहे.

आणि तुलनेसाठी फार दूर जायला नको. दादरच्या शिवाजी पार्कवर मुली दोरीचा मल्लखांब करतात. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून, तिला अंगाभोवती विळखे घालून त्या हवेत ज्या आकृती करतात त्या पाहून डोळे भरून येतात. २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या खेळाला प्रशिक्षक आहेत, पंच आहेत, गुणांकनाची पद्धत आहे, शासकीय मान्यता आहे, आणि तो मान त्याने मिळवला आहे. मग दोरावर चालणाऱ्या डोंबारी बाईच्या अंगातल्या विद्येला एखाद्या तालमीत प्रशिक्षक म्हणून दार का उघडत नाही? तिची मुलगी शाळेतच असली पाहिजे, दोरावर नाही. पण त्या मुलीची आई, जिने वीस वर्षे तोल सांभाळला, ती शाळेच्या मैदानावर पगारावर शिकवू शकते. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणून अडते, तर प्रमाणपत्र देण्याची पद्धत बनवता येते. आदिवासी चित्रकारांना आणि लोककलावंतांना मान्यता देताना आपण तशी वाट काढलेली आहे.

निवृत्त होऊन तलश्शेरीत, सांगली-मिरजेच्या परिसरात, पुण्यात राहणाऱ्या सर्कशीतल्या वृद्ध बायकांकडे आज जे आहे ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नाहीसे होईल. हात कसा सोडायचा, जाळीत पाठीवर कसे पडायचे, झेलणाऱ्याचा हात चुकला तर हवेतच अंग कसे वळवायचे, पाळीच्या दिवसांत दोर कसा बांधायचा, बाळंतपणानंतर पुन्हा झुल्यावर कधी चढायचे. विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी, शारीरिक शिक्षण महाविद्यालयांनी, क्रीडा वैद्यकाच्या डॉक्टरांनी त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्यावे, चित्रित करावे, आणि प्रत्येक नोंदीवर शिकवणाऱ्या बाईचे पूर्ण नाव आणि तिला कोणी शिकवले त्या बाईचेही नाव असावे. त्यांना या कामाचा मोबदला द्यावा. आणि भिक्षा प्रतिबंधाच्या कायद्यातून गाणे, नाचणे आणि खेळ करणे हे शब्द काढून टाकणारी एका ओळीची दुरुस्ती विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात मांडता येईल.